वर बघितलं की हो

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात कुकर वापरात नव्हता. होता, आईच्या लग्नातला, पण तो जुन्या गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलेला. डाळ पातेल्यात शिजायची, भातही पातेल्यातच, आणि हरभऱ्याची उसळ करायची असली तर आई संध्याकाळी पाचला पातेलं चढवायची ते आठला उतरवायची. कारण शिट्टी झाली की माझ्या धाकट्या बहिणीचं, जयाचं, अख्खं अंग दचकून ताठ व्हायचं. दोन्ही हात बाजूला फेकले जायचे, मान मागे जायची आणि तोंडात घास असला तर तो कुठे जाईल याचा नेम नसायचा. जयाला सेरेब्रल पाल्सी होती. जन्मल्यावर ती बराच वेळ रडलीच नव्हती, तेवढ्या वेळात मेंदूला इजा झाली, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. नऊ वर्षांची झाली तरी तिला एकटीने बसता येत नव्हतं, हातात वस्तू धरता येत नव्हती, आणि तिच्या तोंडून ‘आ’ आणि ‘ऊं’ यांपलीकडे काही फुटत नव्हतं.

त्या घरातले आवाज मला आजही ऐकू येतात, म्हणजे त्यांचं नसणं ऐकू येतं. दाराला बेल नव्हती. येणाऱ्याने कडी वाजवू नये म्हणून कडीला चिंधी बांधलेली. भांडी घासताना आई मोरीत गोणपाट अंथरायची, ताटं एकावर एक ठेवताना मध्ये बोट घालायची. ओझरच्या धावपट्टीवरून विमानं उडाली की त्यांचा आवाज पोहोचायच्या आत आई किंवा मी जयापाशी धावायची आणि तिच्या छातीवर पालथा हात ठेवायची. दिवाळीत खिडक्यांना आतून गोधड्या टांगायचो. आणि कुणीही, कितीही रागावलं तरी, वरच्या आवाजात बोलायचं नाही. मी भांडायचीसुद्धा हळू आवाजात. शाळेत बाई म्हणायच्या, मंगल, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस. त्यांना काय सांगणार?

आम्ही मूळचे देवळ्याचे. माझे वडील, अण्णा, तिथे कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. नाशिकला अशा मुलांसाठी एक केंद्र आहे, रोज नेलं तर फरक पडतो, असं कळल्यावर आईने हट्ट धरला आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन ती इथे दोन खोल्यांत राहायला आली. अण्णा शनिवारी एसटीने यायचे, येताना पिशवीत कांदे आणि शेंगदाणे, आणि रविवारी परतायचे. जयाला मांडीवर घेतलं की ते तिच्याशी बोलायचे नाहीत, फक्त तिच्या पायाचे अंगठे चोळत बसायचे. ‘लय आखडलेत गं पाय,’ एवढंच म्हणायचे. देवळ्याचं घर सुटलं, माझ्या मैत्रिणी सुटल्या, चिंचेखालची शाळा सुटली. या सगळ्याचं कारण कोण, हे मला तेराव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

केंद्र म्हणजे एका बैठ्या बंगल्याच्या पुढच्या तीन खोल्या. एका खोलीत सतरंज्या, मोठाले रबरी चेंडू आणि उतरत्या गाद्या. दुसरीत कोपऱ्यात बसवायच्या लाकडी खुर्च्या, ज्यांत मूल पट्ट्यांनी नीट बसतं. तिसरीत आयांची बैठक. तिथे पहिल्यांदा आईला आपल्यासारख्याच बायका भेटल्या, आणि पहिल्याच दिवशी ती घरी येऊन जे रडली, ते मला वाटलं दुःखाने. आता कळतं की ते दुःख नव्हतं. केंद्र चालवणाऱ्या कुंदाताई बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, मोपेडवर हिंडणाऱ्या. त्या स्वतः व्यायाम शिकवायच्या, पण त्यांचं मुख्य काम घरच्यांना शिकवणं, असं त्या म्हणायच्या. मूल इथे दोन तास असतं, उरलेले बावीस तास तुमच्याकडे.

आईला एका शिलाईच्या दुकानात काम मिळालं. ती जयाला सकाळी केंद्रातून आणून, स्वयंपाक करून, बाराला जायची ते चारला यायची. माझी शाळा सकाळची. तेव्हा दुपारचं जेवण भरवणं माझ्याकडे आलं. कुंदाताईंनी मला समोर बसवून शिकवलं. तिची पाठ ताठ हवी, हनुवटी किंचित छातीकडे. मान मागे गेली की घास श्वासाच्या वाटेने जातो. चमचा चपटा, घास लहान, जिभेवर मधोमध टेकवायचा आणि थांबायचं. ‘गिळल्याचा आवाज आल्याशिवाय दुसरा घास नाही,’ त्या म्हणाल्या. ‘घाई तुला असेल, तिच्या गळ्याला नाही.’

त्या थांबण्याची मला इतकी भीती वाटायची की माझेच दात आवळले जायचे. केंद्रात येणारी एक लहान मुलगी छातीत अन्न जाऊन वारली होती. आई हे शेजारणीला सांगत असताना मी ऐकलं होतं. त्यामुळे मऊ वरणभाताचा प्रत्येक घास मला तो घास वाटायचा. मी जयाच्या गळ्याकडे बघत बसायची. बाहेर दुपार तापलेली, पंख्याचा आवाज, आणि तो बारीक ‘गुटुक’ कधी येतो याची वाट. एक वाटी संपायला तास लागायचा. एकदा ठसका लागला की ती काळीनिळी पडायची, मी तिला पुढे वाकवून पाठ थोपटायची आणि मनात मोजायची, एक, दोन, तीन. दहाच्या आत श्वास आला नाही तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर मला नव्हता.

शाळेच्या लेझीम पथकात माझी निवड झाली होती. सराव दुपारी एकला. मी पाच दिवस गेले नाही, सहाव्या दिवशी बाईंनी माझं नाव कमी केलं. मी घरी आले, गणवेशावरच जयाला भरवायला बसले. तिसऱ्या-चौथ्या घासाला तिला ठसका लागला आणि वरणभाताचा फवारा माझ्या अंगावर, तोंडावर उडाला. मी तिची पाठ थोपटली. ती नीट श्वास घ्यायला लागली. मग मी ओढणीने तिचं तोंड पुसलं, तिच्या कानाशी वाकले आणि आमच्या घरात बोलतात तसं, अगदी हळू म्हणाले, ‘तू मरून का जात नाहीस? तू मेलीस की आम्ही सगळे देवळ्याला परत जाऊ.’

ती दचकली नाही. मोठा आवाज नव्हताच. तिने फक्त मान वळवली, जेवढी तिला वळवता यायची तेवढी, आणि भिंतीकडे बघत राहिली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. तिला कळत नाही, हे सगळे म्हणत. देवळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, आजी म्हणायची, आईसुद्धा तिच्यासमोर तिच्याबद्दल वाटेल ते बोलायची. मला वाटलं, मी भिंतीशी बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयाने तोंड उघडलं नाही. मी चमचा ओठांना लावला, गाल चोळला, कुंदाताईंनी दाखवलं होतं तसं जबड्याखाली बोट धरलं. दात घट्ट. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. संध्याकाळी आई भरवायची तेव्हा मात्र ती खायची. मी आईला सांगितलं नाही. सांगितलं तर आई विचारेल, काय झालं, आणि मला वाटायचं की माझ्या तोंडावरच ते लिहिलेलं दिसेल. मी तो वरणभात, ती मऊ खिचडी, ते कुस्करलेलं केळं स्वतः खाऊन टाकायला लागले. थंडगार, मिठाशिवाय तिखटाशिवाय, तिच्यासमोर बसून. वाटी घासून पालथी घालायची. आई एकदा कौतुकाने म्हणाली, ‘मंगल, अंग धरायला लागलीस गं तू.’ त्या दिवशी मोरीत जाऊन मी ओकले.

आणि त्याच सुमारास केंद्रात ती गोष्ट झाली. कुंदाताईंनी आईला आणि मला बोलावून घेतलं. जया खुर्चीत पट्ट्यांनी बसलेली. कुंदाताई म्हणाल्या, ‘जया, तुझं नाव जया आहे का? हो असेल तर वर बघ, नसेल तर डोळे मीट.’ जयाने छताकडे बघितलं. ‘तुझं नाव सुनीता आहे?’ डोळे मिटले. ‘ही तुझी मावशी?’ आईकडे बोट दाखवून. डोळे मिटले. ‘ही आई?’ वर. असं बारा-पंधरा वेळा. आई खाली बसली, तिने जयाचे दोन्ही गुडघे धरले. ‘म्हणजे हिला कळतं,’ ती म्हणाली.

‘सगळं कळतं,’ कुंदाताई म्हणाल्या. ‘आजपर्यंत कळत आलंय. सांगायची सोय नव्हती, एवढंच. आता आपण चित्रांचे तक्ते करू, मग अक्षरांचे. मंगल, दुपारी तू असतेस ना तिच्याजवळ? इथले दोन तास व्यायामातच जातात, तेव्हा घरी रोज अर्धा तास तिच्याकडून सराव करून घ्यायचा आणि वहीत लिहून आणायचं.’

आई जयाचे मुके घेत होती, बाकीच्या आया जमल्या होत्या, कुणीतरी पेढे आणायची गोष्ट काढली. जया त्या सगळ्यांच्या मधून माझ्याकडे बघत होती. आजपर्यंत कळत आलंय. म्हणजे तेही. आता तिला चित्रं मिळणार, अक्षरं मिळणार, आणि एक दिवस ती आईला सांगणार.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जे केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी सराव घेतलाच नाही. तक्ते दप्तरात तसेच ठेवायची आणि वहीत लिहायची, ‘आज उत्तर दिले नाही.’ ‘डोळे नुसते फिरत होते.’ ‘झोपली होती.’ चांगल्या अक्षरात, तारीख घालून. ती खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असायची आणि मी पाठ करून अभ्यासाचं सोंग करायची. संध्याकाळी आई विचारायची, ‘आज काय म्हणाली?’ मी म्हणायची, ‘काही नाही.’ आईचा चेहरा रोज थोडा विझायचा. एका शनिवारी ती अण्णांना म्हणाली, त्या दिवशी योगायोगच झाला असेल. अण्णा म्हणाले, ‘आस लावून घेऊ नको. नाय झालं तर लय त्रास व्हतो.’ मी आतल्या खोलीत ऐकत होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्या सुटकेचीही भीती वाटत होती.

महिन्याच्या वजनाला जया दोन किलोने उतरली होती. आधीच काडी, त्यात दोन किलो. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आई रडली नाही, ती नुसती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘दुपारी नीट खाते ना गं?’ मी म्हटलं, ‘पूर्ण वाटी खाते.’ कुंदाताई वहीची पानं उलटत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, दाराशी मोपेड थांबली. केंद्राच्या घरभेटी असायच्या, पण आधी सांगून. मी जयासमोर बसून खिचडीचा चमचा तोंडात घातलेला, आणि दार नुसतं लोटलेलं. कुंदाताई आत आल्या, चपला काढल्या, माझ्या हातातल्या चमच्याकडे आणि वाटीकडे बघितलं. मी घास गिळूही शकले नाही आणि थुंकूही शकले नाही. मग त्या जयासमोर फतकल मारून बसल्या, पदराने घाम पुसला.

‘जया, भूक लागलीय?’

जयाने वर बघितलं, एवढं की बुबुळं दिसेनाशी झाली.

‘मग खात का नाहीस? गळ्यात दुखतं?’ डोळे मिटले. ‘पोटात?’ मिटले. ‘ठसक्याची भीती वाटते?’ मिटले. ‘कुणाची भीती वाटते?’ मग स्वतःशीच मान हलवली, कारण याचं उत्तर हो-नाहीत येत नाही. ‘आईची?’ मिटले. ‘माझी?’ मिटले. आता पुढचं नाव कुणाचं, हे खोलीतल्या तिघींनाही माहीत होतं. ‘ताईची?’

जयाने वरही बघितलं नाही आणि डोळेही मिटले नाहीत. ती सरळ माझ्याकडे बघत राहिली. तिची मान थरथरायला लागली, हात ताठ झाले, तरी नजर हलली नाही. ती मला सांगायची संधी देत होती की तिला उत्तर द्यायचं भय वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही खात्रीने सांगू शकत नाही.

‘मी तिला मर म्हणाले होते,’ मी म्हटलं. तोंडात खिचडी होती, त्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. मी गिळलं आणि परत म्हटलं. मग सगळंच सांगितलं. वाटीचं, वहीचं, लेझीमचं, देवळ्याचं.

मला वाटलं कुंदाताई मारतील, किंवा जवळ घेतील. दोन्ही केलं नाही. ‘मला कशाला सांगतेस,’ त्या म्हणाल्या. ‘बोललीस तिला ना? तिला सांग.’

मी जयाकडे सरकले. तिच्याशी कसं बोलायचं हेच मला माहीत नव्हतं. ते एक वाक्य सोडलं तर नऊ वर्षांत मी तिच्याशी बोललेच नव्हते, नुसती तिला हलवत, पुसत, भरवत होते. ‘जया, मी चुकले,’ मी म्हटलं. ‘तू मरू नको. मला तसं नकोय.’ आणि मग, लाज वाटते सांगायला, पण लगेच विचारलं, ‘तू आईला सांगशील का?’

‘ते विचारायचं नाही,’ कुंदाताई माझा हात धरून म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. ‘ते तिचं आहे. सांगायचं की नाही ते ती ठरवेल. तुझं काम तिला अक्षरं शिकवायचं. आणि उपाशी ठेवल्याचं, वहीतल्या खोटेपणाचं आईला आज तू सांगायचंस. मी थांबते आई येईपर्यंत.’

चारला आई आली. मी वाटीचं आणि वहीचं सांगितलं, ते वाक्य मात्र नाही. आई माझं ऐकत उभी होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती जयापुढे बसली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, ‘जया, तुला काय खायचंय? वरणभात करू?’ डोळे मिटले. ‘शिरा?’ जयाने वर बघितलं. आईने रवा भाजायला घेतला आणि चुलीकडे तोंड करून रडली. पुढे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कुंदाताईंनी मोठ्या भावंडांना दर गुरुवारी केंद्रात बोलवायला सुरुवात केली ती त्यानंतरच. आम्ही सहा-सातजण असायचो. पहिल्या दिवशी सगळे सतरंजीच्या दशा ओढत बसलो. दुसऱ्या गुरुवारी एक मोठी मुलगी म्हणाली, मला रात्रंदिवस वाटतं की आईबाबा गेले तर माझ्या भावाचं काय, आणि मग सगळ्यांना बोलायचं होतं.

जया माझ्या हातून जेवली ती अकराव्या दिवशी. अर्धा चमचा. मी मात्र रोज तक्ते घेऊन बसत होते. आधी चित्रं, मग स्वरांची ओळ, व्यंजनांची ओळ. मी ओळीवर बोट फिरवायची, हव्या अक्षराला ती वर बघायची. ‘म’ शिकवला, ‘र’ शिकवला. आता हिला तो शब्द लिहिता येईल, असं वाटून मी ते पान लवकर उलटायची आणि मग परत मागे यायची. ती हसायची तेव्हा वाटायचं विसरली. ती माझ्याकडे टक लावून बघायची तेव्हा वाटायचं आज. शाळेतून घरी येताना आईचा चेहरा कसा असेल याचा अंदाज घेत मी पायऱ्या चढायची. अशी कितीतरी वर्षं गेली. मी दहावी झाले, नोकरीला लागले, लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आई आणि मी लाडू वळत होतो. आई म्हणाली, ‘एक सांगू? जयाने मला एकदा विचारलं होतं. फार मागे, अक्षरं नुकतीच यायला लागली होती तेव्हा. तुझ्या त्या गुरुवारच्या वर्गाला तू गेली होतीस. तिने एकेक अक्षर लावत विचारलं, मी मेले तर तुम्ही देवळ्याला जाल का?’

माझ्या हातातला लाडू फुटला. आई पुढचा वळत होती.

‘तिच्या मनात हे कुठून आलं, ते मला कळलं,’ ती म्हणाली. ‘मी तिला म्हटलं, देवळ्याला जाऊ, पण तुला घेऊन जाऊ. तिला पटलं की नाही माहीत नाही. ती म्हणाली, ताईला बोलू नको. म्हणून नाही बोलले.’

‘इतकी वर्षं?’

‘तू रोज बसत होतीस ना तिच्याजवळ. मी बघत होते.’ मग लाडू ताटात ठेवत, ‘मी पण म्हटलंय तसं. मनातल्या मनात म्हटलं, एवढाच फरक.’

आई आता नाही. अण्णा तिच्या आधीच गेले. जया माझ्याकडे असते. तिच्या खुर्चीला आता संगणकाचा पडदा जोडलेला आहे, ती डोळ्यांनी अक्षरं निवडते आणि यंत्र तिच्या वतीने बोलतं. कुंदाताईंच्या केंद्राची मोठी इमारत झाली, आणि मोठ्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी राहायची सोय केली आहे. गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा जया तिथे पंधरा दिवस राहून आली. परत आल्यापासून ती तिथल्या मैत्रिणींबद्दल फार बोलते. तिला उचलताना माझी पाठ भरून येते, आणि हे तिच्या लक्षात येतं.

परवा सकाळी चहा पाजताना मी तिला विचारलं, ‘जया, तुला कुठे राहायचंय? माझ्याकडे की तिथे? खरं सांग.’ विचारताना मला तेराव्या वर्षासारखं वाटत होतं. ती काय म्हणेल याची भीती होती, आणि मला काय ऐकायचंय हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. तिने पडद्याकडे बघितलं. बराच वेळ अक्षरं लागत होती. मग यंत्र बोललं, ‘विचार करून सांगते.’

आज तिसरा दिवस. ती खिडकीपाशी बसली आहे, मी इथे लिहीत बसले आहे. मी परत विचारलेलं नाही.